वाचकांचे प्रश्न : दूरच्या राज्यात घर लावताना

बदली, नवी नोकरी किंवा मुलांजवळ राहण्याचा निर्णय अशा कारणांनी महाराष्ट्र सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड हलवलेल्या वाचकांची पत्रे या सदराकडे सतत येत असतात. त्यांतील चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. जागेच्या मर्यादेमुळे पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : यजमानांच्या बदलीमुळे दसरा झाल्यावर आम्ही पुण्याहून कोलकात्यातील न्यू टाउन भागात राहायला आलो. घरात आम्ही दोघे, पाचवीतला मुलगा आणि सासूबाई. सामान सुखरूप पोचले, शाळेचा प्रवेशही झाला, तरी घर लागले असे वाटत नाही. निम्मी खोकी अजून बंद आहेत. कितीही शिट्ट्या केल्या तरी तूरडाळ अख्खी राहते, भात नेहमीसारखा होत नाही आणि पांढरे कपडे पिवळे पडू लागले आहेत. पाच वाजताच अंधार पडतो आणि त्या वेळी सासूबाई व मी दोघीही अगदी खिन्न होतो. त्यातच इमारतीतील एका आजींनी मुलाला गमतीने ‘बर्गी’ म्हटले आणि त्याचा अर्थ कळल्यावर तो दुखावला. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक भगिनी, कोलकाता

उत्तर : आपण अंधाराचा उल्लेख जाता जाता केला आहे, पण माझ्या मते सुरुवात तेथूनच करावी. पुणे आणि कोलकाता यांच्या रेखांशांत सुमारे साडेचौदा अंशांचे अंतर आहे आणि एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने कोलकात्याचा सूर्य पुण्याच्या सूर्यापेक्षा जवळजवळ तासभर पुढे चालतो. डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, तर कोलकात्यात तो पाचच्या आत होतो. उलट जूनमध्ये तेथे पहाटे पाचच्या आधीच उजाडलेले असते. कोलकात्याची स्वतंत्र वेळ १९४८ पर्यंत पाळली जात होती, त्यानंतर तेथील घड्याळे देशाच्या एका वेळेला जुळवली गेली आणि सूर्य अर्थातच होता तेथेच राहिला. आपल्या घरातील दिवस मात्र अजून पुण्याच्या उजेडाप्रमाणे आखलेला असणार: सकाळी साडेसहाला उठणे, दुपारची विश्रांती, साडेपाचला चहा, मग फिरायला जाणे. त्या क्रमाने चालल्यास कोलकात्यातील हिवाळ्यात उन्हाचा उत्तम भाग झोपेत आणि विश्रांतीत जातो आणि बाहेर पडायची वेळ येते तेव्हा रात्र झालेली असते. म्हणून सगळा दिवस तासभर अलीकडे ओढावा. सासूबाईंचे फिरणे चार वाजता व्हावे, मुलाने शाळेतून आल्याबरोबर आधी खेळून यावे आणि अभ्यास दिवेलागणीनंतर करावा, जेवणेही थोडी लवकर उरकावीत. यजमानांच्या कार्यालयाची वेळ बदलणार नाही, तेव्हा त्यांनी उन्हात काय ते सकाळीच फिरून घ्यावे. एवढे करूनही पुढील काही आठवडे खिन्नता हटली नाही, झोप आणि भूक बिघडली, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

उजेडाबरोबर वाऱ्याचाही विचार करावा. घराची दक्षिण बाजू मोकळी असणे हे कोलकात्यात मोठे मोलाचे मानले जाते, कारण उन्हाळ्यातील सुखद वारा त्या बाजूने येतो. आपल्या घरातील दक्षिणेकडची खोली कोणती हे पाहून ती शक्य असल्यास सासूबाईंना द्यावी, आणि पूर्वेच्या खिडक्यांना मे महिन्यापूर्वी जाड पडदे लावावेत, अन्यथा सगळे घर साडेचारला जागे होईल. चैत्र-वैशाखात संध्याकाळी अचानक कालबैशाखीची वादळे येतात. बाल्कनीतील कुंड्या आणि वाळत घातलेले कपडे यांची सोय आधीच करून ठेवावी.

आता पाणी. आपल्या इमारतीला नदीचे शुद्ध केलेले पाणी मिळते, खोल कूपनलिकेचे मिळते, की दोन्ही मिसळून येते, याची चौकशी व्यवस्थापनाकडे करावी. कपडे पिवळे पडणे हे पाण्यात लोह असल्याचे लक्षण दिसते. पाण्यात विरघळलेले लोह डोळ्यांना दिसत नाही, पण हवेशी संपर्क आला की ते गंजाच्या रंगाने खाली बसते. पांढऱ्या बादलीत रात्रभर पाणी भरून ठेवल्यास सकाळी तळाशी तांबूस थर दिसतो का ते पाहावे. असे कपडे क्लोरीनच्या ब्लीचमध्ये घालू नयेत, कारण त्याने लोहाचे डाग अधिक पक्के होतात. लिंबाचा रस किंवा सायट्रिक अॅसिड लावून, भरपूर पाण्याने धुऊन काढावे, आणि हे आम्ल व ब्लीच कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू सुटतो. लोहाचे प्रमाण अधिक असेल तर इमारतीच्या टाकीजवळच लोह काढण्याचे यंत्र बसवणे हा खरा उपाय असून तो सर्व सदनिकाधारकांनी मिळून करावा लागेल.

डाळीचे कारणही बहुधा पाण्यातच आहे. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनशी संयोग पावतात आणि मग दाणा फुटत नाही. तूरडाळ तासभर आधी भिजवावी आणि पिण्यासाठी शुद्ध केलेल्या पाण्यातच शिजवावी. टोमॅटो, चिंच, आमसूल यांपैकी काहीही डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावे, कारण आंबटपणानेही ती शिजायला वेळ घेते. एवढ्याने भागले नाही तर चिमूटभर खाण्याचा सोडा घालता येतो. रोज घालण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. डाळ जुनी असेल तर हे सगळे करूनही ती निगरगट्ट राहते. बंगालमध्ये रोजच्या जेवणात मसूर आणि मूग यांचा वापर अधिक होतो, त्यामुळे त्या डाळी दुकानात सहसा ताज्या मिळतात. आठवड्यातून दोन-तीनदा भाजलेल्या मुगाच्या डाळीची आमटी केल्यास कोणाची तक्रार येऊ नये.

भाताचे कोडे त्याहून सोपे आहे. तेथील दुकानात ‘सिद्धो’ आणि ‘आतप’ असे दोन प्रकारचे तांदूळ असतात. सिद्धो म्हणजे उकडा तांदूळ, जो कोकणात परिचित असला तरी पुण्याच्या घरात फारसा शिजत नाही. त्याला पाणी आणि वेळ दोन्ही अधिक लागतात आणि भात मोकळा होतो. आपल्याला हवा आहे तो आतप. वरणभातासाठी गोविंदभोग हा आखूड, सुवासिक तांदूळ घेऊन पाहावा. आंबेमोहराची आठवण व्हावी इतका तो जवळचा आहे. ज्वारीचे पीठ मात्र महिन्याभराचे एकदम मागवू नये. दमट हवेत पिठाची विरी लवकर जाते आणि भाकरी थापताना चिरते, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर ज्वारी मागवून तेथील गिरणीत थोडी थोडी दळून आणावी. शेंगदाणे मागताना ‘चिनेबादाम’ म्हणावे लागेल. बदाम महाग का झाले या विचारात कोणी पडू नये.

बंद खोक्यांबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. ती ‘केव्हातरी’ उघडायची म्हणून ठेवू नयेत. कोलकात्याच्या दमट हवेत पुठ्ठा ओल धरतो, त्यात कसर आणि वाळवी शिरते, आणि पुस्तके, गोधड्या, चामड्याच्या वस्तू यांना बुरशी लागते. मार्च संपण्याच्या आत प्रत्येक खोके उघडले गेले पाहिजे. तोपर्यंत ती भिंतीपासून दूर, फळीवर किंवा विटांवर ठेवावीत. उघडताना पुण्याच्या घरात जी वस्तू जेथे होती तेथेच ती नव्या घरात बसवण्याचा हट्ट धरू नये, कारण त्या प्रयत्नातच बहुतेकांची कपाटे अर्धवट राहतात. अपवाद एकच करावा आणि तो सासूबाईंच्या देवघराचा. देवघर, त्यांची खुर्ची आणि त्यांच्या औषधांची जागा आधी, त्यांना विचारून, नक्की करावी. वयस्कर माणसाला अंधारातही हात जेथे जाईल तेथे वस्तू सापडली पाहिजे.

राहिला ‘बर्गी’. हा शब्द आपल्या ‘बारगीर’वरूनच, म्हणजे सरकारी घोड्यावर लढणाऱ्या स्वारावरून, आला आहे. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी नवाब अलीवर्दीखानाच्या बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या आणि त्यांत खेडीच्या खेडी लुटली व जाळली गेली. त्या भीतीने १७४२ मध्ये कोलकात्याभोवती खंदक खणण्यास सुरुवात झाली. त्याला ‘मराठा डिच’ म्हणत. फौजा शहरापर्यंत आल्याच नाहीत, खंदकही अपुराच राहिला आणि १७९९ मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड नेण्यात आला. बाळाला झोपवताना बर्गींचे भय घालणारी अंगाई बंगाली घरांत आजही म्हटली जाते, आणि त्या आजींच्या तोंडी हा शब्द तेथूनच आला असणार. आपण महाराष्ट्रात स्वाऱ्यांचा इतिहास अभिमानाने वाचत वाढतो, तेव्हा त्या स्वाऱ्या ज्यांच्या अंगणात झाल्या त्यांच्याकडे त्याची कोणती आठवण आहे हे पाचवीतल्या मुलाला कळण्यात काहीच वाईट नाही. त्याच्या जोडीला दुसरी बाजूही त्याला सांगावी. आजच्या झारखंडातील देवघर या गावाजवळ वाढलेले सखाराम गणेश देऊस्कर हे मराठी घरातले गृहस्थ बंगालीतील नामवंत लेखक झाले, त्यांनी बंगालमध्ये शिवाजी उत्सवाचा पुरस्कार केला आणि १९०६ साली कोलकात्यातील त्या उत्सवाला लोकमान्य टिळक स्वतः उपस्थित होते. सत्येंद्रनाथ ठाकूर हे भारतीय सनदी सेवेतील पहिले भारतीय आपल्या मुंबई इलाख्यातच नोकरीला होते. एवढी सामग्री हाताशी असल्यावर मुलाने आजींना पुढच्या वेळी हसत उत्तर द्यायला हरकत नाही.

त्या आजींशी ओळख वाढवण्याची जबाबदारी सासूबाईंवर सोपवावी. बंगाली घरांत कोजागरीला लक्ष्मीपूजा असते आणि आपल्याकडेही ती रात्र जागवतात. पुढच्या आश्विनात आटीव दुधाची वाटी घेऊन त्यांच्याकडे जाता येईल, पण तोवर थांबण्याचे कारण नाही. संक्रांत समोर आहे. त्याच दिवशी बंगालमध्ये पौष संक्रांतीचे ‘पिठे’ (तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ) होतात, आपला तिळगूळ द्यावा आणि त्यांचे पिठे घ्यावेत. मराठी बोलणे कानी पडावे असे वाटेल तेव्हा दक्षिण कोलकात्यात हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, तेथे चौकशी करावी. माझी विनंती मात्र अशी की इमारतीतील दोन घरे आधी आपली करावीत आणि मग शहराच्या दुसऱ्या टोकाची मराठी मंडळी शोधावीत, कारण रात्री अपरात्री सासूबाईंना बरे वाटेनासे झाले तर दार शेजारचेच वाजवावे लागणार आहे.

प्रश्न : नागपूरहून गुवाहाटीला सामान आणताना वाहतूक कंपनीने दूरदर्शन संच फोडला आणि दोन खोकी गहाळ केली. सामान उतरवून घेताना घाईत मी पावतीवर सही केली, त्यामुळे आता ते दाद देत नाहीत. ‘प्रवेश कर’ म्हणून वेगळे पैसेही त्यांनी घेतले. गुवाहाटीत बसून काही करता येईल का?
— एक वाचक, गुवाहाटी

उत्तर : करता येईल, पण मुदतीकडे लक्ष द्यावे. रस्ता वाहतूक अधिनियम, २००७ प्रमाणे मालवाहतूकदाराविरुद्ध दाद मागण्यापूर्वी नुकसानीची लेखी सूचना त्याला द्यावी लागते, आणि ती सामान नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. ही तारीख सामान पोचल्याची नव्हे, नोंदवल्याची असते. फोनवरील बोलणी आणि व्हॉट्सअॅपवरील आश्वासने यांवर न थांबता स्पीड पोस्टने आणि ईमेलने आजच सूचना पाठवावी. तिच्यात नोंदणी पावतीचा क्रमांक, सामानाच्या यादीतील गहाळ खोक्यांचे क्रमांक, फुटलेल्या संचाची छायाचित्रे आणि मागत असलेली रक्कम हे सर्व असावे.

सही केली म्हणजे सर्व हक्क संपले असे होत नाही. खोक्यातली वस्तू खोके उघडल्यावरच दिसते, हे कोणत्याही ग्राहक आयोगाला समजते. गहाळ खोक्यांच्या बाबतीत मात्र यादी आपल्यापाशी असणे निर्णायक ठरेल. वाहतुकीचा विमा घेतला असल्यास विमा कंपनीला वेगळे कळवावे आणि तिच्या सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी फुटका संच दुरुस्तीला देऊ नये. कंपनीला दिलेला ‘जोखीम आकार’ आणि प्रत्यक्ष विमा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पॉलिसीची प्रत हाती नसेल तर विमा होता असे धरून चालू नये.

उत्तर आले नाही तर ग्राहक आयोगाकडे जावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे नागपूरला खेटे घालण्याची गरज नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी. ‘प्रवेश करा’बद्दल सांगायचे तर राज्यांचे असे कर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करात विलीन झाले, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलही लागत नाही. तेव्हा त्या रकमेची सरकारी पावती मागावी आणि ती न मिळाल्यास रक्कम मागणीत जोडावी.

प्रश्न : नाशिकहून चेन्नईला नोकरीसाठी आलो आहे. गाडी महाराष्ट्राच्या क्रमांकाची आहे. ती येथे पुन्हा नोंदवावीच लागेल का?
— एक वाचक, चेन्नई

उत्तर : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४७ नुसार गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तेथील क्रमांक घ्यावा लागतो. मुक्काम वर्षाच्या आतला असेल तर काहीही करू नये. गाडी कोणत्या तारखेला राज्यात आली हे दाखवणारी वाहतूक पावती किंवा टोलची नोंद तेवढी जवळ ठेवावी. मुक्काम लांबणार असेल तर नाशिकच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे, कर्ज बाकी असल्यास बँकेची संमती जोडावी, आणि चेन्नईत नमुना २७ मध्ये अर्ज करून तेथील रस्ता कर भरावा. महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी करापैकी उरलेल्या काळाचा परतावा नव्या नोंदणीनंतर मागता येतो. तो मिळवण्यासाठी चिकाटी लागते, म्हणून मूळ कर पावती आताच शोधून ठेवावी.

आपल्या कंपनीची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत असतील तर देशभर चालणाऱ्या ‘बीएच’ क्रमांकांच्या मालिकेचा विचार करावा. ही मालिका २०२१ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर आधी नोंदवलेल्या गाड्यांनाही ती खुली झाली. दर बदलीला क्रमांक बदलण्याची कटकट तिच्यामुळे वाचते. गाडी बरीच जुनी असेल, तर मात्र नवा कर भरण्यापेक्षा ती नाशिकलाच विकून चेन्नईत दुसरी घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही पतिपत्नी सोलापूरहून देहरादूनला मुलाकडे कायमचे राहायला आलो. सोलापूरचे घर बंद आहे. आधार, गॅस, मतदार यादी, निवृत्तिवेतन यांचे काय करावे? आमच्या नावावर येथे कोणताही पत्त्याचा पुरावा नाही.
— एक ज्येष्ठ वाचक, देहरादून

उत्तर : सुरुवात आधारपासून करावी, कारण बाकीची बरीच कामे त्यावर अवलंबून आहेत. आपल्यासारख्यांसाठी जानेवारी २०२३ पासून ऑनलाइन सोय आहे: मुलगा कुटुंबप्रमुख या नात्याने त्याच्या मोबाइलवर आलेल्या विनंतीला संमती देतो आणि नाते दाखवणारा कागद जोडला की त्याचाच पत्ता आपल्या आधारवर येतो. त्यानंतर बँकेत पत्ता बदलावा. खाते बंद करून नवे उघडण्याची गरज नाही.

हयातीचा दाखला दर वर्षी, बहुधा नोव्हेंबरात, द्यावा लागतो आणि तो ‘जीवन प्रमाण’ या सुविधेतून कोठूनही देता येतो. आपले निवृत्तिवेतन भविष्य निर्वाह निधीचे असेल तर जानेवारी २०२५ पासून ते देशातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून मिळू शकते. राज्य शासनाचे असेल तर खाते आहे तेथेच राहू द्यावे आणि नवा पत्ता कोषागाराला लेखी कळवावा.

गॅसची सोलापूरची जोडणी परत करावी. टाकी आणि रेग्युलेटर जमा केल्यावर अनामत रक्कम आणि जोडणी समाप्तीचे व्हाउचर मिळते. पुढे वेगळे घर केल्यास तेच दाखवून नवी जोडणी घेता येईल. मतदार यादीसाठी नमुना ८ भरावा. ऑगस्ट २०२२ पासून पत्ता बदलाला, मतदारसंघ बदलत असला तरी, हाच नमुना लागतो आणि नमुना ६ केवळ नव्या मतदारांसाठी आहे. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याने चालत नाही, त्यामुळे वर्षातील बहुतेक काळ कोठे काढणार हे दोघांनी आधी ठरवावे.

एक सूचना कागदपत्रांपलीकडची. सोलापूरच्या उन्हाची सवय असलेल्या शरीराला देहरादूनची थंडी पहिल्या वर्षी फार जाणवते. जानेवारीत पहाटे फिरायला न जाता ऊन वर आल्यावर जावे, आणि रक्तदाबाची औषधे चालू असतील तर थंडीच्या सुरुवातीला एकदा तपासणी करून घ्यावी.

बंद घराची वीजजोडणी तोडू नये, पण मुख्य बटण बंद ठेवावे. मालमत्ता कराच्या नोंदीत मुलाचा मोबाइल क्रमांक द्यावा आणि पावसाळ्यापूर्वी गच्ची पाहून घेण्याचे काम शेजाऱ्यांपैकी एका विश्वासू व्यक्तीकडे किल्लीसह सोपवावे.